उजळणी

(प्रायश्चित्तकाळाचा पाचवा रविवार)



गेल्या रविवारी मिस्सा आटोपल्यावर धर्मशिक्षणाच्या वर्गात मी मुलांना पास्काच्या रात्रीविषयी सांगत होतो. मंदिरातला अंधार, बाहेर पेटवलेला नवा अग्नी, पास्काची मेणबत्ती, आणि मग आपण सर्वांनी हातात पेटती मेणबत्ती धरून स्नानसंस्काराच्या वचनांचे नूतनीकरण करायचे, असे सगळे क्रमाने सांगून झाले. तेवढ्यात पाचवीतल्या एका मुलाने हात वर केला. "फादर, स्नानसंस्कार आयुष्यात एकदाच होतो, असं तुम्हीच शिकवलंत ना? मग वचनं दरवर्षी पुन्हा का घ्यायची? गेल्या वर्षीची संपतात का?"

मुले हसली, पण मला हसू आले नाही. प्रश्न बरोबर होता. 'नूतनीकरण' हा शब्द आपण कुठे ऐकतो? वाहन परवान्याचे नूतनीकरण, पासपोर्टचे नूतनीकरण, विम्याचे नूतनीकरण. तिथे मुदत संपते, जुना कागद निकामी होतो आणि पैसे भरून नवा घ्यावा लागतो. त्या हिशेबाने मुलाचे म्हणणे चुकीचे नव्हते. मग मी त्यालाच विचारले, "परीक्षा जवळ आली की तू काय करतोस?"

"उजळणी," तो म्हणाला.

"का? तुला येत असलेले पाढे संपले म्हणून?"

तो विचारात पडला. आणि खरे सांगायचे तर मीही पडलो. आपल्या रोजच्या बोलण्यातला हा साधा शब्द मी कितीतरी वेळा वापरला होता, पण त्याच्याकडे नीट पाहिले नव्हते. आठवडाभर तो डोक्यात घोळत राहिला. पवित्र आठवडा तोंडावर आला आहे, म्हणून त्याच शब्दाविषयी आज तुमच्याशी बोलावे असे वाटले.

उजळणी म्हणजे काय?

शाळेत जाणाऱ्या मुलाला उजळणी म्हणजे झालेला अभ्यास पुन्हा करणे. आपल्या आजी-आजोबांच्या पिढीला उजळणी म्हणजे पाढे. पाढ्यांच्या छोट्या पुस्तकालाच 'उजळणी' म्हणत. त्यात नुसते बे एके बे नसायचे. पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी आणि साडेतीनचा पाढा म्हणजे औटकी, एवढे सगळे तोंडपाठ करावे लागे. शिक्षकांच्या प्रशिक्षणालाही आपण 'उजळणी वर्ग' म्हणतो. पण शब्दाचे मूळ शाळेत नाही, त्याच्याही मागे आहे. 'उजळणे' म्हणजे घासून चकचकीत करणे. तांब्याचे भांडे उजळतात, सोनाराकडे दागिना उजळून आणतात. दिवेही उजळतात, म्हणजे पेटवतात. जुन्या आठवणींना 'उजाळा' देतात. कुणाचे भाग्य उजळते. आणि ज्याच्या हातून काही काळेबेरे झालेले नाही, तो गावात 'उजळ माथ्याने' फिरतो.

या सगळ्या शब्दांच्या मुळाशी संस्कृतातला 'उज्ज्वल' आहे. त्याची फोड 'उद्' आणि 'ज्वल्' अशी होते. उद् म्हणजे वर, ज्वल् म्हणजे पेटणे. म्हणजे वर उफाळून पेटणारी ज्योत हा या शब्दाचा पहिला अर्थ. ज्योतीवरून चकाकी आली, चकाकीवरून घासणे आले, आणि घासून पुन्हा पुन्हा चकचकीत करण्यावरून पाढ्यांची आणि अभ्यासाची उजळणी आली.

यात एक गोष्ट लक्षात घेण्यासारखी आहे. या शब्दाच्या कुठल्याही अर्थात नवीन वस्तू विकत आणणे नाही. जे आधीपासून आपले आहे, त्यालाच तेज आणायचे आहे. आपण या शब्दाचे तीन अर्थ एकेक करून पाहू.

1. घासणे

काही काळापूर्वी आपल्याच धर्मग्रामातल्या एका घरी प्रार्थनेसाठी गेलो होतो. जुने कौलारू घर पाडून तिथे नवे बांधायचे होते. सामान अंगणात काढून ठेवले होते. माळ्यावरून उतरवलेला एक हंडा कोपऱ्यात होता, इतका काळा की तो लोखंडाचा की तांब्याचा हेही कळत नव्हते. नातू म्हणाला, "हा भंगारात देऊन टाकू." आजी ओट्यावर बसली होती. ती म्हणाली, "थांब रे, आधी चिंच आण."

चिंचेचा कोळ आणि मीठ लावून तिने हंड्याचा गळ्याजवळचा भाग चोळला. थोड्या वेळाने तांबूस रंग दिसू लागला. मग आणखी चोळल्यावर ठिपक्याठिपक्यांनी कोरलेली अक्षरे दिसली. पूर्वी भांडे घेतले की दुकानातच त्यावर नाव घालून घेत, तसे ते नाव होते. नातवाने ते वाचले. त्याच्या पणजीचे नाव होते ते. घरातल्या कुणालाच ठाऊक नव्हते की हा हंडा तिचा आहे. तो हंडा मग भंगारात गेला नाही, हे सांगायला नको.

त्या हंड्यात आजीने बाहेरून काही घातले नाही. कल्हईवाला भांड्याला कल्हई करतो तेव्हा भांडे तापवून, नवसागर टाकून आतून कथलाचा नवा थर चढवतो. तसे उजळण्यात काही चढवायचे नसते. साचलेले तेवढे काढायचे असते. तांबे तिथेच होते आणि नावही तिथेच होते.

ख्रिस्तसभेची शिकवण आहे की स्नानसंस्काराच्या वेळी आपल्या आत्म्यावर ख्रिस्ताची एक मुद्रा उमटते आणि ती कायमची असते. 1992 साली प्रसिद्ध झालेल्या कॅथलिक श्रद्धाग्रंथात हे स्पष्ट सांगितले आहे. पापामुळे स्नानसंस्काराची फळे आपल्याला मिळेनाशी होतील, पण ती मुद्रा पापानेही पुसली जात नाही. म्हणूनच स्नानसंस्कार पुन्हा देत नाहीत. कुणी वीस वर्षे मंदिराची पायरी चढला नसेल, त्याच्याही आत ते नाव कोरलेले आहे. भांडे काळे पडले म्हणून नाव नाहीसे होत नाही, फक्त ते वाचता येत नाही.

आपल्या आया-बाया भांडी कशाने घाशीत? चुलीतल्या राखेने. साबण, पितांबरी हे सगळे नंतरचे. बत्तीस दिवसांपूर्वी, राखेच्या बुधवारी, आपण सर्वांनी कपाळावर राख लावून घेतली. ती आपल्या मातीपणाची आणि पश्चात्तापाची खूण आहे, हे आपण जाणतोच. पण यंदा मला वाटते की आपल्या आयांना त्या राखेचा आणखी एक उपयोग ठाऊक होता. राख लावली म्हणजे घासायला सुरुवात झाली. आज पाचवा रविवार. राख लावून आपण थांबलो, की घासलेही, हे प्रत्येकाने स्वतःला विचारावे.

मात्र एक सावधगिरी बाळगली पाहिजे. केवळ आपल्या मनगटाच्या जोरावर आत्मा उजळत नाही. 51 वे स्तोत्र आपण या काळात वारंवार म्हणतो. त्यात पश्चात्तापी माणूस देवाजवळ दोन गोष्टी मागतो. हृदय शुद्ध घडव, आणि अंतरातला आत्मा पुन्हा नवा कर. 'घडव' यासाठी तिथे जो हिब्रू शब्द आहे, तो बायबलमध्ये केवळ देवाच्या कृतीसाठी येतो. उत्पत्तीच्या पहिल्या वाक्यात देवाने आकाश आणि पृथ्वी निर्माण केली, तिथेही तोच शब्द आहे. 'नवा कर' यासाठीचा शब्द 'हादाश' या धातूवरून आला आहे. त्याच धातूवरून हिब्रूत महिन्याला 'होदेश' म्हणतात, कारण त्यांचा महिना नव्या चंद्रकोरीने सुरू होतो. चंद्र दर महिन्याला नवा होतो, पण तो दुसरा चंद्र नसतो. आणि त्याचा उजेड तर मुळात सूर्याचा असतो. आपलेही तसेच आहे. प्रायश्चित्त संस्कारात आपण पापे सांगतो, पण उजळवणारा देव आहे.

2. पुन्हा म्हणणे

दुसरा अर्थ पाढ्यांचा, पुन्हा पुन्हा म्हणण्याचा.

अनुवादाच्या पुस्तकाच्या सहाव्या अध्यायात मोशे इस्राएल लोकांना सांगतो की देवावर सर्वस्वाने प्रीती करण्याची ही आज्ञा मुलांच्या मनावर बिंबवा. घरी बसलेले असताना, वाटेने चालताना, झोपताना, उठताना तिच्याविषयी बोला. 'बिंबवा' यासाठी तिथे जो हिब्रू शब्द आहे, त्याचा मूळ अर्थ धार लावणे असा आहे. कोयत्याला किंवा विळ्याला धार लावताना दगडावरून पाते एकदाच फिरवून भागत नाही. पुन्हा पुन्हा फिरवावे लागते. आणि आज लावलेली धार कायम टिकत नाही, हे शेती-वाडीत काम केलेल्यांना मी सांगायला नको.

आपल्या घरांतही अशी उजळणी होती. तिन्हीसांजेला देवळाची घंटा झाली की हातातले काम थांबायचे. घरातली सगळी माणसे वेदीसमोर बसायची, मुले पेंगत का होईना पण जपमाळेला हजर असायची. आज किती घरांत हे होते? टीव्हीच्या मालिकांनी ती वेळ घेतली आणि आता प्रत्येकाच्या हातात मोबाईल आहे.

तरुण मुले मला विचारतात, "फादर, तेच तेच शब्द रोज म्हणून काय होतं? आमचं लक्षही नसतं." त्यांची शंका खोटी नाही. प्रभू येशूनेही मत्तयच्या शुभवर्तमानात, सहाव्या अध्यायात, पोकळ बडबडीविरुद्ध शिष्यांना सावध केले आहे. प्रायश्चित्त संस्कारालाही काही जण म्हणतात, "दर वेळी तीच पापं सांगतो, फादर. आता लाज वाटते." मी त्यांना सांगतो की भांडेही दर वेळी त्याच ठिकाणी काळे पडते, जिथे त्याला आच लागते.

पण लक्ष नसताना म्हटलेल्या शब्दांविषयी मला एक माझीच गोष्ट सांगायची आहे, कारण ती लपवून तुम्हाला उपदेश करणे बरे नव्हे.

दर वर्षी पवित्र आठवड्यात बिशपमहोदय पवित्र तेले आशीर्वादित करतात. त्या मिस्सात आम्ही सर्व धर्मगुरू एकत्र येतो आणि आमच्या गुरुदीक्षेच्या वचनांचे नूतनीकरण करतो. 1970 च्या मिस्साग्रंथापासून ही प्रथा आली. काही वर्षांपूर्वी, दुसऱ्या एका धर्मग्रामात असताना, मी असाच त्या मिस्साला उभा होतो. छपराची डागडुजी चालली होती, ठेकेदाराचे बिल थकले होते, आणि ते कसे भागवायचे याचा हिशेब माझ्या डोक्यात चालू होता. बिशपांनी प्रश्न विचारले. बाकीच्यांबरोबर मीही "होय" म्हणालो. परत बसलो तेव्हा लक्षात आले की प्रश्न काय होता हे मी ऐकलेच नव्हते.

त्याच संध्याकाळी एका आजारी आजीला ख्रिस्तप्रसाद द्यायला गेलो. ती नव्वदीच्या घरात होती आणि तिची स्मृती गेली होती. पोटच्या मुलीला ती "तू कोणाची गं?" असे विचारायची. मला तर तिने मुळीच ओळखले नाही. मुलगी म्हणाली, "फादर, तिला काही कळत नाही, लवकर आटपा." मी प्रभूची प्रार्थना सुरू केली. दुसऱ्या-तिसऱ्या शब्दाला आजीचे ओठ हलू लागले. हळूहळू आवाज आला. तिने माझ्याबरोबर पूर्ण प्रार्थना म्हटली, मग मी न सांगता 'नमो मरिया' सुरू केली आणि एकामागून एक म्हणतच राहिली. तिचा हात गादीवर जपमाळेचे मणी शोधत होता. मुलीने स्वतःच्या गळ्यातली जपमाळ काढून तिच्या हातात दिली आणि तिच्याशेजारी बसून रडू लागली.

मी परतताना वाटेत गप्प होतो. नावे, चेहरे, घर, सगळे त्या आजीच्या हातून निसटले होते. पण जे तिने ऐंशी वर्षे रोज संध्याकाळी उजळले होते, ते तिच्याजवळ होते. आणि माझी स्मृती शाबूत असूनही मी सकाळी देवाला दिलेला शब्द संध्याकाळपर्यंत आठवू शकत नव्हतो. त्या रात्री मंदिरात एकटाच जाऊन मी ते प्रश्न पुन्हा वाचले आणि एकेकाला उत्तर दिले.

तेव्हापासून मी कुणालाही "लक्ष नसेल तर प्रार्थना म्हणू नका" असे सांगत नाही. म्हणा. पाढे पाठ करताना मुलाला त्यांचा उपयोग कळत नाही. पुढे बाजारात हिशेब करायची वेळ येते तेव्हा कळतो. पण निदान आठवड्यातून एकदा तरी थांबून, आपण काय म्हणतो आहोत ते ऐका. पाढे येतात पण हिशेब कधी केलाच नाही, असे आपले होऊ नये.

3. पेटवणे

तिसरा अर्थ शब्दाच्या मुळातला आहे, ज्योतीचा.

संत पौल तुरुंगात होता. त्याचा लाडका शिष्य तीमथ्य दूर होता. तो वयाने तरुण आणि स्वभावाने थोडा बुजरा असावा, असे पौलाच्या पत्रांवरून वाटते. त्याला लिहिलेल्या दुसऱ्या पत्राच्या आरंभी पौल आधी त्याची आजी लोईस आणि आई युनीके यांच्या श्रद्धेची आठवण काढतो. ती श्रद्धा तुझ्यातही आहे, असा विश्वास तो व्यक्त करतो. आणि लगेच सांगतो की तुझ्यावर हात ठेवले तेव्हा देवाने तुला जे दान दिले, ते प्रज्वलित कर.

इथे पौलाने वापरलेला ग्रीक शब्द 'अनाझोपिरेओ' असा आहे. त्यात तीन शब्द गुंफलेले आहेत: 'अना' म्हणजे वर किंवा पुन्हा, मग जिवंत, आणि 'पिर' म्हणजे अग्नी. विझत आलेला विस्तव पुन्हा जिवंत करून वर पेटवणे. आपला 'उज्ज्वल' आठवा: वर, पेटणे. एक शब्द ग्रीक, दुसरा संस्कृत, तरी दोघे एकाच चुलीपाशी येऊन बसले आहेत.

ज्यांच्या घरी चूल होती त्यांना हे चित्र लगेच कळेल. रात्री झोपण्यापूर्वी आई निखारे राखेखाली झाकून ठेवायची. सकाळी ती राख बाजूला सारायची, वर चार काटक्या ठेवायची आणि फुंकणीने फुंकर घालायची. काडेपेटी लागत नसे. पाहणाऱ्याला चूल विझलेली वाटायची, पण आईला ठाऊक असायचे की आत निखारा आहे.

पौल तीमथ्याला असे म्हणत नाही की तुझा विस्तव विझला, दुसऱ्याकडून मागून आण. तो म्हणतो की आजीने आणि आईने जपलेला निखारा तुझ्यात आहे, फुंकर घाल.

हाच ग्रीक शब्द जुन्या कराराच्या प्राचीन ग्रीक भाषांतरातही एका हृदयस्पर्शी ठिकाणी येतो. उत्पत्तीच्या 45 व्या अध्यायात योसेफाचे भाऊ मिसर देशातून परत येऊन म्हाताऱ्या याकोबाला सांगतात की योसेफ जिवंत आहे. कित्येक वर्षे ज्या मुलासाठी त्याने शोक केला, तो जिवंत आहे! याकोबाचा विश्वास बसत नाही, त्याचे मन बधिर होते. मग योसेफाने पाठवलेल्या गाड्या तो डोळ्यांनी पाहतो आणि त्याचा आत्मा पुन्हा पेट घेतो. तिथे हाच शब्द आहे.

बंधू-भगिनींनो, पास्काच्या रात्री आपल्याला दुसरे काय सांगितले जाते? ज्याला मेलेला समजून आपण शुक्रवारी शोक केला, तो जिवंत आहे. याकोबाला बातमीने पेटवले, फटकाऱ्याने नव्हे. आपल्याही श्रद्धेची उजळणी शेवटी या बातमीनेच होते.

इफिसच्या ख्रिस्तसभेची गोष्ट

तीमथ्याची सेवा इफिस नगरात होती. पौलाने त्याला तिथेच राहायला सांगितले होते, हे पहिल्या पत्रात आहे. नव्या कराराच्या शेवटच्या पुस्तकात, प्रकटीकरणात, त्याच इफिसच्या ख्रिस्तसभेला पुनरुत्थित प्रभूचा निरोप आहे. त्यात प्रभू तिची स्तुती करतो. ती कष्टाळू आहे, धीर धरणारी आहे, खोट्या शिक्षकांना तिने ओळखले आहे. आजच्या भाषेत म्हणायचे तर तिथे समित्या चालू होत्या, सण वेळेवर होत होते, हिशेब चोख होते. तरीही प्रभूची एक तक्रार आहे: तिची पहिली प्रीती राहिली नाही.

हे वाचताना मला आपल्या धर्मग्रामाची आठवण होते आणि भीतीही वाटते. आपले मंदिर भरलेले असते, सणाला मंडप अपुरा पडतो. पण एकाच बाकावर बसून एकमेकांचे तोंड न पाहणारे सख्खे भाऊ आपल्यात नाहीत का? वाडीच्या बांधावरून, वडिलोपार्जित जागेच्या वाट्यावरून सुरू झालेले भांडण बापाच्या मयताच्या दिवशीही मिटले नाही, अशी घरे आपल्यात नाहीत का?

प्रभू त्या ख्रिस्तसभेला टाकून देत नाही. तो तिला तीन गोष्टी सांगतो. कुठून घसरलीस ते आठव, मागे फीर, आणि पहिल्यासारखी कृत्ये कर. पाहा, उजळणीचे तिन्ही अर्थ यात आले. आठवणीला उजाळा, साचलेले घासून काढणे, आणि केलेले पुन्हा करणे.

सहा प्रश्न

पास्काची जागरणविधी पूर्वी शेकडो वर्षे शनिवारी सकाळीच उरकली जात असे. 1951 साली पोप पायस बारावे यांनी ती पुन्हा रात्री करण्यास परवानगी दिली आणि त्याच वेळी सर्व श्रद्धावंतांनी स्नानसंस्काराच्या वचनांचे नूतनीकरण करण्याचा भाग तिच्यात आला. मिस्सा तेव्हा लॅटिनमध्ये असे, पण ही वचने लोकांच्या स्वतःच्या भाषेत घ्यायलाही मुभा होती. कारण उघड आहे. उत्तर देणाऱ्याला प्रश्न कळला पाहिजे.

तेरा दिवसांनी मी तुम्हाला सहा प्रश्न विचारणार आहे. तीन सोडण्याचे आणि तीन श्रद्धेचे. ते आजच नजरेखालून घाला, म्हणजे त्या रात्री माझ्यासारखी तुमची गत होणार नाही.

सैतानाला सोडता का, असे विचारीन तेव्हा शिंगांचे चित्र डोळ्यांसमोर आणू नका. ज्याच्याशी बोलणे सोडले त्या भावाचा चेहरा आणा. त्याच्या कृत्यांना सोडता का, असे विचारीन तेव्हा आपण फिरवलेल्या अफवा, दारूपायी घरात होणारी मारहाण, कामगाराची थकवलेली मजुरी आठवा. पोकळ दिखाव्याला सोडता का, असे विचारीन तेव्हा शेजाऱ्याहून मोठा मंडप हवा म्हणून कर्ज काढून केलेली लग्ने आठवा. आणि देव पिता, पुत्र येशू ख्रिस्त व पवित्र आत्मा यांच्यावर श्रद्धा आहे का, असे विचारीन तेव्हा जिने तुम्हाला पहिल्यांदा क्रुसाची खूण करायला शिकवले ती आजी किंवा आई आठवा.

हातात मेणबत्ती असेल. तुमच्या स्नानसंस्काराच्या दिवशी अशीच एक मेणबत्ती पास्काच्या मेणबत्तीवरून पेटवून तुमच्या बापाच्या किंवा धर्मपित्याच्या हातात दिली होती. तेव्हा "होय" त्यांनी म्हटले, कारण तुम्हाला बोलता येत नव्हते. आता तुम्हाला बोलता येते.

या तेरा दिवसांत काय करावे?

पहिले, आपल्या स्नानसंस्काराची तारीख शोधा. आपल्यापैकी बहुतेकांना वाढदिवस पाठ असतो, पण ही तारीख ठाऊक नसते. ज्यांचा स्नानसंस्कार इथे झाला त्यांनी कार्यालयात यावे, नोंदवहीत पाहता येईल.

दुसरे, रोज संध्याकाळी घरातल्या सर्वांनी मिळून प्रेषितांचा विश्वासांगिकार सावकाश म्हणावा, आणि त्यातल्या एका वाक्यावर दोन मिनिटे थांबावे. लहानांनी प्रश्न विचारले तर त्यांना गप्प करू नका.

तिसरे, प्रायश्चित्त संस्काराला या. वेळा सूचनाफलकावर लावल्या आहेत. बरीच वर्षे झाली म्हणून संकोच वाटत असेल तर तेवढेच सांगा, पुढचे आपण मिळून पाहू.

आणि चौथे, जिथे बोलणे तुटले आहे तिथे एक पाऊल टाका. लगेच बांधाचा वाद सुटणार नाही. पण दार तरी वाजवा. हंडा एका दिवसात पूर्ण उजळत नाही, आधी गळ्याजवळचा एक कोपरा लखलखतो आणि त्यातच नाव दिसते.

वृद्ध आणि आजारी बंधू-भगिनींना विशेष सांगतो. संत पौल करिंथकरांना लिहितो की आपला बाहेरचा माणूस क्षीण होत असला तरी आतला माणूस दिवसेंदिवस नवा होतो आहे. तुम्हाला मंदिरापर्यंत येता येत नसेल. पण अंथरुणावर पडून तुम्ही जी प्रार्थना पुटपुटता, तिच्या फुंकरीने या धर्मग्रामाची चूल पेटती राहते. तुमच्यासाठी पवित्र आठवड्यात आम्ही घरी येऊ.

आता त्या पाचवीतल्या मुलाचे उत्तर राहिले. बाळ, गेल्या वर्षीची वचने संपलेली नाहीत. देवाने तुझे नाव त्याच दिवशी कोरले आणि ते तो कधी पुसणार नाही. आपण दरवर्षी वचने पुन्हा घेतो, कारण वर्षभरात त्यावर काजळी चढते आणि आपल्यालाच आपले नाव वाचता येईनासे होते. पास्काच्या रात्री जागा राहा, पेंगू नकोस. मी प्रश्न विचारीन तेव्हा मोठ्याने उत्तर दे. कदाचित तुझ्या आवाजाने आम्हा मोठ्यांनाही आपले उत्तर आठवेल.

पुनरुत्थित प्रभूच्या प्रकाशात आपण सर्वांनी येत्या पास्काला उजळ माथ्याने उभे राहावे, हीच प्रार्थना. सर्वसमर्थ देव, पिता, पुत्र व पवित्र आत्मा आपणा सर्वांना आशीर्वाद देवो. आमेन.

आपला,
प्रमुख धर्मगुरू